ठेवणं आणि पाळणं

निवृत्त झाल्यावरही मी पुणतांब्यातच राहिले. तीस वर्षं इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे रस्त्यात भेटणारी अर्धी माणसं अजून ‘बाई’ म्हणूनच हाक मारतात. गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी दारात चाळिशीची एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरून ओढणी, हातात कापडी पिशवी. मला ओळखलं का, असं तिनं विचारलं. मी ओळखलं नाही.

मग तिनंच सांगितलं. नववीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. बाजारतळाजवळ सायकली दुरुस्त करणारे तिचे वडील. नववीतच लग्न ठरलं आणि शाळा सुटली. आता तिची लेक दहावी होऊन कॉलेजला जाते, हिनं चार शेळ्या पाळल्यात आणि सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून बसायचा फॉर्म भरून दहावीची परीक्षाही दिली आहे. बाकीचे विषय सुटले, इंग्रजी तेवढं राहिलं. शिकवाल का, म्हणाली. मला दुपारी झोप येत नाहीच. मी हो म्हटलं.

रोज दोन वाजता ती यायची. लेकीच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून तिनं आपली वही शिवली होती. पाठांतर पक्कं होतं, पण अर्थ कळल्याशिवाय ती पुढे सरकत नसे. ‘कीप’ या क्रियापदापाशी आम्ही अडकलो. मी सवयीनं सांगितलं, कीप म्हणजे ठेवणे. दुसऱ्या दिवशी तिनं वाक्य लिहून आणलं: ‘आय कीप द पॉट ऑन द चूल.’ मी म्हटलं, इथे ‘पुट’ हवं. तिनं विचारलं, पुट म्हणजेही ठेवणेच ना, मग फरक काय? वर्गात मुलांना मी ‘पाठ करा’ म्हणून पुढे जायची. तिला तसं सांगवेना. शेळी पाळायला ‘कीप’, शब्द पाळायला ‘कीप’, रोजा पाळायलाही ‘कीप’, अशी उदाहरणं मी देत गेले.

तिनं ती वहीत एकाखाली एक उतरवली. मग म्हणाली, “भांडं चुलीवर ठिवलं की आपलं काम झालं. शेळी ठिवली की काम सुरू हुतं. असं हाय का?”

मी हो म्हटलं. तीस वर्षांत मला हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

मग मी तिला शब्द पाळण्यावर एक वाक्य लिहायला सांगितलं आणि चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर तिनं लिहिलं होतं: ‘बाई डिड नॉट कीप हर वर्ड.’

वाक्यात चूक नव्हती. मी विचारलं, कुठल्या बाई?

ती गडबडली. वही मिटायला लागली. मी कप खाली ठेवला आणि सांग म्हटलं. तेव्हा तिनं सांगितलं. लग्न ठरलं तेव्हा ती शाळेच्या व्हरांड्यात माझ्याकडे आली होती. वडिलांशी बोला, दहावीपर्यंत थांबायला सांगा, असं म्हणाली होती. मी रविवारी येते म्हणाले होते. रविवारी सकाळी तिनं ओटा झाडला, शेजारच्या घरून खुर्ची आणून मांडली. मी आले नाही. पुढच्या रविवारीही तिनं खुर्ची मांडली.

ऐकता ऐकता मला तो व्हरांडा आठवला. तिचा चेहरा आठवेना, पण त्या रविवारी मी का गेले नाही ते आठवलं. कुणी अडवलं नव्हतं. “बाई, हे आमच्या घरातलं आहे,” असं तिचे वडील म्हणतील, या भीतीनंच मी गेले नव्हते. सोमवारी तिची जागा रिकामी दिसली, तेव्हा मी हजेरी घेऊन धडा सुरू केला होता.

हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. चुकलं माझं, म्हटलं.

“तुमी आला असतात तरी अब्बांनी ऐकलं असतंच असं न्हाई,” ती म्हणाली. “पन कुनीतरी माझ्यासाठी विचारून बघितलं, एवढं तरी मला वाटलं असतं.”

चहा निवला होता. तिनं तो तसाच घेतला आणि पुढचं पान काढलं.

परीक्षेचं केंद्र श्रीरामपूरला आलं. पेपरच्या दिवशी तिला रोजा होता. मी बरोबर येते म्हटलं तर ती नको म्हणाली, उन्हाचं कशाला. मी आदल्या संध्याकाळी येतेच म्हणून पुन्हा निरोप धाडला आणि सकाळी तिच्याआधी स्टँडवर जाऊन बसले. मला बघून ती हसली. एसटीत ती पत्रलेखन पुटपुटत होती. पेपर सुटेपर्यंत मी फाटकासमोरच्या लिंबाखाली बसून राहिले. सोबत पाण्याची बाटली होती, पण तिला रोजा म्हणून मीही ती उघडली नाही. ती बाहेर आली तेव्हा ओठ सुकले होते. पेपर पुरा लिहिला, एवढंच म्हणाली आणि परतीच्या वाटेत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

निकाल लागला त्या दिवशी लेकीचा मोबाईल घेऊन ती आली. इंग्रजीत एकेचाळीस. मी आकडा दोनदा वाचला. बारावीलाही इंग्रजी असतं का, तिनं विचारलं. असतं, म्हटलं. तिनं मोबाईल पिशवीत टाकला. मग म्हणाली की शेळी कालच व्यालीय, करडं जरा उभी राहू देत, सोमवारपासून येते.