वजनात न भरणारा ग्रह

ग्रह शोधणं एक वेळ सोपं, पण शोधलेला ग्रह वडिलांपासून लपवून ठेवणं महाकठीण. मला ते जमलं नाही, आणि त्याचा ताप पुढे कित्येक आठवडे सोसला.

मी पालघरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, राहते बोईसरला. उरलेल्या वेळात देशोदेशीच्या डझनभर लोकांच्या एका गटात काम करते. अवकाशातली दुर्बीण ताऱ्यांचा उजेड मोजत असते. एखादा तारा ठरावीक दिवसांनी किंचित मंदावला, की त्याच्यासमोरून काहीतरी गेलं असं आम्ही धरतो, आणि किती मंदावला यावरून त्या ‘काहीतरी’चा आकार काढतो. आमचं काहीतरी जवळजवळ गुरूएवढं निघालं. पण त्याला ग्रह म्हणायची सोय नव्हती, कारण काही बारके तारेही नेमके गुरूएवढेच असतात. आकारावरून दोघांतला फरक कळत नाही, वजनावरून कळतो. वजन करायचं तर परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागायचा आणि हात जोडून बसायचं.

हे सगळं मी दातिवऱ्याला, आमच्या गावी, वडिलांना नीट समजावून सांगितलं होतं. त्यांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घेतलं.

पुढच्या खेपेला एसटीतून उतरले तर नाक्यावर फ्लेक्स! ‘गावच्या कन्येने शोधला नवा ग्रह’. मधोमध कडी घातलेला शनी, ज्याचा आमच्या ग्रहाशी काही संबंध नाही. एका बाजूला माझा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात मी नुकतीच तापातून उठल्यासारखी दिसते. दुसऱ्या बाजूला टोपी घातलेले वडील, आणि खाली ओळीने शुभेच्छुकांची मुंडकी. त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हते.

माझा संताप का झाला ते सांगते. वडिलांची अख्खी हयात होडीवर गेली, आणि आमच्या होडीचा कडक रिवाज होता. मासळी काट्यावर चढेपर्यंत किती मिळाली हे तोंडातून काढायचं नाही. होडी किनाऱ्याला लागताना कुणी “काय मिळालं?” असं ओरडलं तर वडील तोंड फिरवून उभे राहायचे. लहानपणी मी एकदा टोपल्या बघून “आज खूप हाय” म्हणाले, तर ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. आणि हाच माणूस आता बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!

“बाबा, अजून वजन झालं नाही त्याचं,” मी म्हटलं.

“होईल गो. एवढा मोठा हाय बोलतेस, वजन जातंय कुठं?”

“पण तुमचाच रिवाज ना? काट्यावर चढेपर्यंत बोलायचं नाही?”

“तो मासळीचा. ह्यो काय मासा हाय?”

“आणि उद्या तो तारा निघाला तर?”

“मंग तारा काय वायट असतो?”

मी कपाळाला हात लावला.

बंदरावरच्या बायका तर त्याहून वरताण. एक मावशी सुकट वाळत घालता घालता म्हणाली, “तितं पाय ठेवायला जमीन हाय का?” मी म्हटलं, “नाही मावशी, नुसता वायू आहे.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. “मंग शोधलास कशाला?” बोईसरला आले तर फ्लेक्सचा फोटो माझ्या आधी येऊन पोचलेला. सोसायटीचा वॉचमन म्हणाला, “मैडम, हमारी बिटिया का मंगल देख देंगी?” त्याला मी जे उत्तर दिलं त्याबद्दल नंतर चहा पाजून माफी मागावी लागली.

तिकडे तो ताराही बेणं होता. ग्रह फिरताना ताऱ्याला किंचित ओढतो, तारा जागच्या जागी डुलतो, आणि किती डुलतो यावरून ग्रहाचं वजन निघतं. पण आमचा तारा कोवळा, अंगभर डागांचा, स्वतःच अस्वस्थ. हे डुलणं ग्रहाचं की त्याच्या अंगचं, कळायला मार्ग नाही. आमच्या गटाच्या प्रमुख बाईंची एक मेल येई, ‘ग्रह नाही, तारा असावा’. दुसरी येई, ‘नसावा’. कुंभवलीच्या कारखान्यांकडून वाऱ्याबरोबर केमिकलचा वास आला की मी खिडक्या लावून घ्यायचे, लॅपटॉप उघडायचे, आणि तेवढ्यात वीज जायची.

या सगळ्याच्या तळाशी भीती होती. मला शिकायला पाठवलं तेव्हा गावाने वडिलांना कमी बोल लावले नव्हते. “पोरगी मासळी इकायची सोडून आभाळात काय बघणार?” आता तो ग्रह तारा निघाला असता, तर माझा गट एक ओळ खोडून नव्या ताऱ्याकडे वळला असता. वडिलांना मात्र त्या फ्लेक्सखालून रोज बंदरावर जावं लागलं असतं. मी फोनवर रोज सांगायचे, काढा तो. ते रोज म्हणायचे, “ऱ्हाऊ दे.”

निकाल आला तेव्हा मी कॉलेजात होते. डाग वजा करून बाईंनी सगळं पुन्हा मांडलं होतं, आणि डुलणं दिसतच नव्हतं. तारा असता तर मोठ्ठं दिसलं असतं. म्हणजे ग्रहच, गुरूएवढा फुगलेला, पण इतका हलका की आमच्या यंत्राला त्याचं ओझंच जाणवेना. गावचे लोक बर्फ घालून मासळी पाठवतात ना, त्या थर्माकोलच्या खोक्याची आठवण झाली. असे हलके ग्रह फार थोडे सापडतात. मी तिथूनच फोन लावला.

“किती भरला?” वडिलांनी विचारलं. मागे लिलावाचा गलका चालू होता.

“बाबा, काटा हललाच नाही!” मी ओरडले. आमच्या गटातला कुणी असता तर टाळीच दिली असती.

“बरं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर किती वेळा लावला, उचलला नाही.

रविवारी गावी गेले. नाक्यावर फ्लेक्स नव्हता, नुसते बांबू. सुकटवाली मावशी रस्त्यातच भेटली. “तुजा बा सोता चढून काढून आला गो. सगल्यांना बोलला, पोरीनं नको सांगितलेलं, मीच घाई केली, तिला कोण हसू नका.”

मी तरातरा घरी गेले. इतके दिवस ज्याच्यासाठी भांडले ते झालं होतं, आणि मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटत होतं. वडील ओटीवर जाळं शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“होतंय असं,” ते म्हणाले. “जालं रिकामं येतंय कदी. परत टाकायचं.”

“बाबा, रिकामं नाही!” माझा आवाज चिरकला. “ग्रहच आहे तो! हलका आहे, म्हणून काटा हलला नाही! तारा असता तर हलला असता!”

त्यांची सुई थांबली. त्यांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“मंग तू रडतेस कशाला गो?”