लाडू पळाला नव्हता

गेल्या शनिवारपर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, पण — आधी जरा टावळीबद्दल बोलू द्या. तेवढंच बरं वाटतं.

टावळी म्हणजे आमच्या अंबरनाथचा डोंगर. फार उंच नाही, नावाजलेला तर मुळीच नाही, पण कुत्र्यांना घेऊन बारा महिने जावं असा दुसरा डोंगर मला दाखवा! पावसाळ्यात वाटेवरूनच ओहोळ वाहतात. कुत्री त्यात लोळतात आणि अंग झाडतात ते नेमकं आपल्याजवळ येऊन. (घरी आल्यावर गोचिड शोधत बसायचं, ते वेगळं.) गणपतीनंतर सोनकीने उतार पिवळा होतो. थंडीत माथ्यावरून मलंगगड आणि चंदेरी इतके स्वच्छ दिसतात की हात लावावासा वाटतो. आणि उन्हाळ्यात? उजाडता निघायचं, पाण्याची बाटली आणि एक वाडगा घ्यायचा, खडक तापायच्या आत खाली उतरायचं. वाटेत करवंदं. माझा भुऱ्या करवंदं खातो — गावठी कुत्रा आहे, त्याला सगळं चालतं.

दुसरा सोबती लाडू. तो माझा नव्हे, तळमजल्यावरच्या कमला आंटीचा. आंटी सिंधी, सगळा जन्म उल्हासनगरात गेला. नवरा वारल्यावर आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली. गुडघे गेलेले, मुलगी परदेशात, घरात ती आणि हा गलेलठ्ठ लॅब्रेडोर. त्याला फिरवायला कुणी नाही, म्हणून दर रविवारी मी दोघांना घेऊन टावळीवर जायला लागले. आंटीचा माझ्यावर केवढा विश्वास! परत आले की दारातच दाल-पकवानाची थाळी तयार. "बेटा, पहले खा, फिर नहा."

हे सगळं किती छान, नाही? मग मी अडखळते का आहे?

एप्रिल होता. अर्ध्या वाटेवर करवंदीच्या जाळीशी वळण आहे. तिथून वळलो आणि समोर म्हैस. तिच्या पायाशी ओलं, नुकतंच जन्मलेलं रेडकू. भुऱ्या भुंकला. म्हशीने मान खाली घातली — आणि निघालीच ती आमच्यावर! लोक बिबट्याचे किस्से सांगतात. माझ्या नशिबी म्हैस. हसा, मलाही हसू येतं. इथपर्यंतच येतं.

दोन्ही पट्टे माझ्या हातात होते. मी एक सोडला.

सुटला नाही. सोडला. भुऱ्याला काखोटीला मारलं आणि शेजारच्या धोंड्यावर चढले. लाडू माझ्यामागे यायला धडपडला, पण त्याचा पट्टा करवंदीत अडकला. म्हशीने त्याला एक धडक दिली. तो केकाटला. मग ती रेडकाजवळ जाऊन उभी राहिली, माझ्या आणि लाडूच्या मधोमध. लाडू जाळीतून माझ्याकडे बघत होता. मी थांबले का? ओरडून कुणाला बोलावलं का? नाही. धोंड्याच्या पलीकडून भुऱ्याला घेऊन उतरले ते थेट पायथ्याला.

आणि तिथून आंटीला फोन केला. "आंटी, लाडूने झटका मारला. पट्टा हातातून सुटला. पळाला तो."

का बोलले असं? म्हशीला घाबरले म्हणायला लाज वाटली म्हणून? की माझ्या कुत्र्याला उचललं आणि तिच्या कुत्र्याला टाकलं, हे तिला कळू नये म्हणून? तेव्हा विचार नव्हता केला. वाक्य तयारच होतं, तोंडातून निघालं.

पण याहूनही वाईट पुढे आहे. बिल्डिंगमधले दोघेतिघे शोधायला आले. लाडू कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. थेट तिकडे नेलं तर म्हणतील, हिला कसं माहीत? म्हणून — म्हणून मी त्यांना आधी भलत्याच दोन वाटांनी फिरवलं. हाका मारत. "लाडू, लाडू!" तोवर ऊन चढलं होतं, आणि तो तिथे जाळीत अडकून बसला होता, बिनपाण्याचा. शेवटी मीच "इकडे बघू या का?" म्हणाले. म्हैस गेली होती. लाडूची जीभ लोंबत होती. मला पाहून त्याने शेपटी हलवली.

बिल्डिंगभर माझं कौतुक झालं. आंटीने माझे हात डोळ्यांना लावले. आणि लाडूला मात्र जाड साखळी आली. डोंगर बंद. "भगोड़ा है," ती सगळ्यांना सांगायची. पुढचा पावसाळा, सोनकी, थंडी — सगळं त्याने खिडकीच्या गजांतून बघत काढलं. मी आणि भुऱ्या जिना उतरलो की तो उठून उभा राहायचा. वर्षाने मीच गळ घालून त्याला पुन्हा नेऊ लागले. दर रविवारी फाटकापाशी आंटी त्याचे कान धरून बजावायची, "भागना मत, हाँ? दीदी को तंग नहीं करना." तो तिचा हात चाटायचा. मी बुटांच्या नाड्या बांधत बसायचे, बांधलेल्या असल्या तरी.

अशी चार वर्षं. शनिवारी संध्याकाळी तिच्या दारात उभी राहिले आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. म्हैस, धोंडा, फोन. त्या दोन खोट्या वाटासुद्धा. आंटी गुडघे दुखत असतानाही भिंतीला धरून खाली बसली, लाडूसमोर. आता त्याचं तोंड पांढरं झालंय. ते तिने दोन्ही हातांत धरलं. "तू भागा नहीं था," ती म्हणाली. "और मैंने तुझे बाँध के रखा." मी वर निघून आले.

रविवारी उजाडता भुऱ्याला घेऊन उतरले तर फाटकाशी रिक्षा उभी. आत आंटी, गुडघ्यांना पट्टे बांधून, पायात मुलीने पाठवलेले बूट, आणि मांडीवर लाडूचं डोकं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "बैठ. रास्ता तुझे मालूम है."

पायथ्यापासून थोड्या अंतरावर सपाटी आहे, तिथवर ती चालली. थांबत, धापा टाकत, सिंधीत स्वतःलाच शिव्या देत. मग एका खडकावर टेकली आणि लाडूची साखळी काढली. ती माझ्या हातात दिली नाही. स्वतःच्या पिशवीत टाकली.

"जा," ती लाडूला म्हणाली.

भुऱ्या केव्हाच पुढे उधळला होता. लाडू चार पावलं गेला, वळून त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्या म्हाताऱ्या देहाने असा काही पळाला! कान उडत होते त्याचे. आंटी टाळ्या वाजवत मोठ्याने हसत होती. मी जरा अंतरावर उभी होते. पाणी वाडग्यात ओतून ठेवलं, आणि दोघं परत येईपर्यंत तिथेच थांबले.