कावळ्यासमोर दिलेला शब्द

केस गेल्यावर आपलं डोकं कसं दिसेल, याची मला उगाचच उत्सुकता होती. जन्मभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाचं डोकं उघडं पडलं की जरा तेजस्वी, विचारवंतासारखं दिसेल अशी कल्पना होती. प्रत्यक्षात ते सोललेल्या बटाट्यासारखं निघालं. मागच्या बाजूला एक खड्डाही होता, इतकी वर्षं केसांनी झाकून धरलेला. पुढे भुवयाही गेल्या. बायको म्हणाली, "आता तुम्हाला राग आलाय की झोप, तेच कळत नाही."

मी ओतूरला कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर वाचायची म्हणून बरीच पुस्तकं बाजूला काढून ठेवली होती. निवृत्ती आली आणि तिच्या मागोमाग पोटातली गाठ आली. ऑपरेशन झालं आणि मग केमो सुरू झाली. आमच्याकडे केमो कुणी म्हणत नाही. सर सलाईन लावायला गेलेत, असं म्हणतात.

सलाईनने बोटं बधिर झाली. पान उलटताना एक उलटलं की चार, ते कळेना. एका कादंबरीत नायकाचं लग्न ठरत होतं आणि पान उलटलं तर त्याची मुलगी वकील झालेली. लेखकाने काळाशी केलेला धाडसी प्रयोग म्हणून मी भारावून गेलो आणि तसं बायकोला समजावूनही सांगितलं. तिने पुस्तक हातात घेतलं आणि मधली पानं सुटी करून दाखवली.

पायांचं तेच. बाजारातून एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात काही नाही, असा मी घरी आलो होतो आणि दारात बायको ओरडेपर्यंत मला पत्ता नव्हता. तोंडात फोड होते, त्यामुळे बोलणं कमी, आणि बोलायला जावं तर शब्द सापडत नसत. एकदा 'चमचा' आठवेना म्हणून मी 'खायचं छोटं फावडं' मागितलं. ते मला मिळालं, यावरून आमच्या संसाराची कल्पना यावी.

पुण्याला जायला आम्ही काही पेशंटनी मिळून एक गाडी ठरवली होती. तीत पिंपरी पेंढारचे एक शेतकरी असायचे. माझ्याच वयाचे, टोमॅटो आणि कांद्यात मुरलेले. पहिल्या दिवशी मी सवयीने पुस्तक उघडलं.

"सर, ह्यात सलाईन कधी संपतंय ते लिवलंय का?"

"नाही."

"मग ठिवा की राव. भाईर बघा, लोकांचा कांदा कसा आलाय."

त्यांचा कोर्स माझ्या आधी सुरू झालेला, म्हणून मला जे व्हायचं ते त्यांना आधीच होऊन गेलेलं असे. डॉक्टर सांगत नसलेल्या गोष्टी ते सांगत. थकवा आला असताना जिना चढायचा असेल तर आधी कुणावर तरी चिडून घ्यायचं, म्हणजे वरपर्यंत पोचता येतं. उलटीला लाजायचं नाही. "डायवरला म्हणायचं, फवारणी करायचीय, थांबीव." आणि खरोखर त्यांनी 'फवारणी' म्हटलं की गाडी कडेला लागे. मग आम्ही दोघं उसाच्या कडेला वाकून उभे. अशा अवस्थेत झालेली ओळख लवकर घट्ट होते.

त्यांचा कोर्स पुरा झाला. त्यांनी गाडीत पेढे वाटले. आमच्यापैकी कुणालाच पेढा गिळवेना, तरी सगळ्यांनी घेतला. आणि काही महिन्यांतच त्यांचं दुखणं दुसऱ्या ठिकाणी वर आलं. डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं.

माझी तेव्हा तीन सलाईनं राहिली होती. मी ठरवलं, आता बास. डॉक्टरांनी समजावलं, बायको बोलेनाशी झाली, पण मी हटलो नाही. थांबायच्या बाजूने माझ्याकडे उत्तम मुद्दे होते आणि मी ते क्रमवार लावलेले होते. पिंपरी पेंढारला फोन करून त्यांना सांगितलं, "मी थांबतोय."

ते म्हणाले, "अर्ध्या वावराला पाणी दिऊन मोटर बंद करता व्हय, सर?"

तुम्ही तर सगळी घेतलीत, तरी काय झालं, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं आणि फोडांमुळे तिथेच अडलं. तोंडातल्या फोडांचा मला झालेला हा एकमेव उपयोग.

"थांबा. जरा उठाया आलं का येतो तुमच्याशी भांडायला," ते म्हणाले.

ते आले नाहीत. त्यांच्या दहाव्याचा निरोप आला.

गर्दीत जायला मला मनाई होती. बायकोने आढेवेढे न घेता फक्त मास्क दिला. दशक्रियेला गाव लोटलं होतं. झाडाखाली पुढारी मंडळी माइकवरून श्रद्धांजली वाहत होती. एकाने मयताचं नाव चुकवलं आणि दुसऱ्याने ती चूक मनापासून पुढे चालवली. मी एका कडेला बसलो आणि उकडत होतं म्हणून डोक्यावरची टोपी काढली.

तिथेच घोळ झाला. दहाव्याला मुलं आणि भाऊबंद मुंडण करतात. माझ्या डोक्याकडे बघून एका कर्त्या गृहस्थाने माझा दंड धरला.

"ओ भाऊ, हितं कुठं बसलाय? भाऊबंद तिकडं पुढं. धाकलं चुलतं का तुमी?"

मी मास्कमधून काहीतरी पुटपुटलो. "राहू द्या, राहू द्या. लई नका बोलू," असं म्हणत त्याने मला गोटा केलेल्या ओळीत नेऊन बसवलं. शेजारीच न्हावी हत्यारं धूत होता. त्याने माझं डोकं निरखलं आणि मान हलवली. "कुठं केली ही? एक खुंट न्हाई राहिला. हात हाय बाबा."

मग सोयरे आले. मुंडण केलेल्यांना टॉवेल-टोपी द्यायची रीत आहे. माझ्याही खांद्यावर टॉवेल पडला आणि डोक्यावर नवी कोरी टोपी आली. त्या वेळी तरी मी उठून सांगायला हवं होतं. पण मी बसून राहिलो. खरं सांगायचं तर मला तिथून उठवेना. नात्याला नाव नसलेल्या माणसाने रडायला कुठे बसायचं, हे कुठल्याच रीतीत सांगितलेलं नाही. गाडीतल्या शेजाऱ्याची ओळ नसते. चुकून का होईना, मला जागा मिळाली होती.

पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलेला असतो; मग जो तो अंदाज करून शब्द देतो. थोरला मुलगा म्हणाला, "दादा, बोअरचं काम पुरं करतो." धाकटा म्हणाला, "दादा, गाय इकत न्हाई." कुणीतरी धाकट्याच्या लग्नाचंही बोललं. कावळ्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

"चुलतं, तुमी बोला की," मला कोपरखळी बसली.

तेवढ्यात बायकांमधून त्यांची बायको उठली. गाडीपाशी डबा द्यायला यायची, ती मला ओळखत होती.

"ते चुलतं न्हाईत. ते सलाईनचं सर हायेत."

सगळे माझ्या टोपीकडे पाहू लागले. मी टोपीला हात घातला, तर ती म्हणाली, "असू द्या. बोलू द्या त्यास्नीच. शेवटपत्तोर ह्यांच्या तोंडात येकच व्हतं, सरांनी मधीच सोडलं."

अंधश्रद्धेवरच्या पुस्तकांचं स्वतंत्र कपाट मी कॉलेजात केलं होतं. त्या कपाटाचा कर्ता मी उभा राहिलो, बधिर पायांवर डुलत, आणि कावळ्याला उद्देशून म्हणालो, "उरलेली सलाईनं घेईन."

मागून आवाज आला, "मास्क काढा की पावणं! त्याला ऐकू तर गेलं पायजे!"

मी मास्क काढला आणि फोड ताणून ओरडलो. एका कावळ्याने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. उद्या पुस्तक नक्की आणून देतो म्हणणाऱ्या पोरांकडे मी असाच पाहत असे. मग तो उडाला आणि उसाच्या पलीकडे गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक उठले.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं आणि मुद्दाही मांडला. कावळा शिवला नाही, म्हणजे माझा शब्द स्वीकारला गेला नाही. सबब मी मोकळा.

ती टॉवेलची घडी घालत होती. म्हणाली, "ओळखून होते ते तुम्हाला. कावळा शिवला नाही म्हणजे, आधी घेऊन दाखवा म्हणाले."

मी डोक्यावरची नवी टोपी काढून तिच्या हातात दिली.

उरलेली तिन्ही घेतली. शौर्याचं काही नव्हतं. दर वेळी निघताना मी पोट दुखत असल्याचं सांगून पाहिलं आणि बायकोने दर वेळी पोटासाठीच चाललोय म्हटलं. शेवटच्या सलाईनने मला चांगलं आडवं केलं. उठून बसायला लागलो तेव्हा डोक्यावर लव आली होती, तीही कुरळी. या वयात कोकरासारखे कुरळे केस घेऊन मी फिरतो. तपासण्या तूर्त ठीक आहेत. पाय अजून बधिर आहेत. हे लिहितानाही पेन मधूनच बोटांतून गळून पडतं आणि कागदावर अक्षर उमटायचं थांबल्यावर मला ते कळतं.

चालायला लागल्यावर पिंपरी पेंढारला गेलो. त्यांची बायको अंगणात कांदा निवडत होती.

"वहिनी, सगळी घेतली," मी म्हणालो.

तिने पदराने तोंड पुसलं, मग आत गेली आणि चहा घेऊन आली. मी घोट घेतला.

"कसा झालाय?"

"छान झालाय."

"खोटं बोलू नगा, सर. सलाईनपायी ह्यास्नीबी लोखंड चाटल्यागत लागायचा." ती समोर बसली. "पण प्यायचे. प्या आता, गरम हाय तवर."