म्हणजेबाईंचे गुण

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासताना म्हणजेबाई एक लबाडी हमखास पकडायच्या. परवान्यासाठी आलेले ड्रायव्हर बाहेर बसूनच तक्त्यावरची अक्षरं पाठ करत. बाई गुपचूप तक्ता बदलायच्या आणि पितळ उघडं पडायचं.

रविवारी देवळामागच्या खोलीत धर्माचा वर्ग घेतानाही त्यांचा हाच खाक्या. पोरांनी एखादी व्याख्या धडाधड म्हटली, की बाई विचारणार, "म्हणजे?" नाव पडलं ते त्यावरूनच. परीक्षेत त्या पाठांतराला चार गुण द्यायच्या आणि विचाराला सहा. विचार म्हणजे आपलं मत, त्याचं कारण आणि समोरच्याची बाजू, प्रत्येकाला दोन. मत बाईंच्या अगदी उलट असलं तरी गुण कापले जात नसत. लेखी राहिलं ते तोंडी सांगायची मुभा सगळ्यांनाच होती. अशी परीक्षक मिळायला नशीब लागतं.

यंदा मंदिराच्या अध्यक्षांच्या नातीला दहापैकी चारच मिळाले. अध्यक्ष भर वर्गात तणतणत आले.

"पोरीला अहिंसेची व्याख्या तोंडपाठ आहे, आणि चार? असंच चालणार असेल तर वर्ग दुसऱ्या कुणाकडे तरी देऊ आम्ही."

या वर्गात बाईंचा जीव अडकलेला. दोन-चार गुण वाढवले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण त्यांनी नातीला उभं केलं.

"सांग बरं, अहिंसा."

"मनाने, बोलण्याने किंवा कृतीने कोणालाही न दुखावणे."

"म्हणजे?"

नात हळूच म्हणाली, "म्हणजे आजोबा आत्ता तुमच्यावर ओरडले, ती हिंसाच झाली."

अध्यक्षांचा चेहरा खर्रकन उतरला. पोरं खाली बघायला लागली.

"कारण?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या हातातला खडू थरथरत होता. मी बघितलं."

बाईंना भरून आलं. तरी त्यांनी पेपर काढून चाराचे आठच केले.

"आठच का?" अध्यक्षांनी पडल्या आवाजात विचारलं.

"समोरच्याची बाजू राहिली ना. तुमची."

नात आजोबांकडे वळली. "मी घरी रडले होते. म्हणून ते माझ्यासाठी भांडायला आले."

बाईंनी आठाचे दहा केले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि पोरांच्या बुटक्या बाकावर ते अंग चोरून बसले.

"चालू द्या, बाई," ते म्हणाले. "पुढचा प्रश्न घ्या."