ती दाढ दुधाची नव्हती

मंडळी, दुपारी दवाखान्यातून आल्यापासून माझं कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून लिहितेय.

माझ्या सात वर्षांच्या आर्याच्या मागच्या दाढेवर काळी रेघ दिसत होती. दुधाची दाढ आहे, पडेलच की, म्हणून मी कितीतरी दिवस सोडून दिलं. आज ती जेवताना रडली, तेव्हा नेलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही कायमची दाढ आहे. सहाव्या वर्षी मागून येते, एकही दात न पडता. म्हणून घरात कळत नाही."

ती दाढ कीड काढून भरावी लागली. अशा दाढा चार असतात; बाकीच्या तीन चांगल्या होत्या. त्यांच्या खाचांवर सीलंटचा पातळ थर दिला, म्हणजे अन्न अडकून कीड लागायला नको. सुई नाही, दुखणं नाही.

"आधी आणलं असतं तर?"

"बहुतेक चौथीही वाचली असती."

घरी येताच कुंभारी गावी राहणाऱ्या नणंदेला फोन केला. तिची लेक सहा वर्षांची.

"वहिनी, दुधाचेच दात हायत की!"

"आत्ता तोंड उघडून बघ."

थोड्या वेळानं तिचाच फोन आला. "मागं नवी दाढ आलीय हो. आमाला ठावंच न्हाय."

उद्या मी तिच्या लेकीला त्याच डॉक्टरबाईंकडे घेऊन जातेय. तुमच्या लेकरांचं तोंड तुम्ही आज उघडून बघाल का?