सातवा कॅपॅसिटर

त्या शनिवारी धुळ्याला निघताना मी गॅसचं बटण तीन वेळा पाहिलं. शेजारच्या काकू साडेसहालाच येऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी आहे ना आता, जा तू." तरी मी जिन्यावरून परत वर गेले आणि आईच्या गोळ्यांची डबी त्यांच्या हातात दिली. ती त्यांच्या समोरच्या टेबलावरच होती. पाच वाजता काकूंचा शिवणाचा क्लास असतो. त्याच्या आत मी घरी असायलाच हवं होतं.

आईला दोन वर्षांपासून विसरायला होतं. आधी नुसते शब्द जायचे, मग माणसं जायला लागली. मागच्या उन्हाळ्यात ती एकटीच जळगावच्या बसस्टँडवर सापडली. यावलची गाडी कुठे लागते, असं एका कंडक्टरला विचारत होती. यावल तिचं माहेर. तिथे आता आमचं कुणीच नाही.

माझा धाकटा भाऊ दीपनगरला, वीज केंद्रात नोकरीला आहे. दिवाळीत तो म्हणाला, "आईला मी नेतो." मी म्हणाले, "तुझ्या क्वार्टरमध्ये ती कोणाला ओळखते?" तो म्हणाला, "तुझ्या घरात तरी कोणाला ओळखते?" त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. मला राग आला होता हे खरं, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि मला तेच जास्त लागलं होतं.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले. गेली पंचवीस वर्षं जळगावात एका गाळ्यात बसून बोर्ड दुरुस्त करते. पूर्वी टीव्हीचे, मग कॉम्प्युटरचे. हल्ली बोर्ड कोणी दुरुस्त करत नाही, सरळ बदलतात. ज्यांना बदलता येत नाही, तेच माझ्याकडे येतात. धुळ्याची अंधशाळा त्यांपैकीच एक. त्यांच्याकडे ब्रेल छापणारं जुनं यंत्र आहे. ते चालवायला एक कार्ड लागतं. त्या कार्डाची खाच फक्त त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे, नव्या कॉम्प्युटरमध्ये तशी खाचच येत नाही. मुख्याध्यापिका बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "सोमवारपासून सहामाही आहे. चार विषयांचे पेपर छापायचे राहिलेत. मशीन अर्धं पान छापतं आणि कॉम्प्युटर आपोआप पुन्हा चालू होतो."

छपाई करणाऱ्यांना शाळेत सगळे भाऊ म्हणतात. ते स्वतः अंध. वय पन्नाशीच्या पुढे, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, बोलणं सगळं अहिराणी वळणाचं. मी पोचले तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण आधीच काढून ठेवलं होतं.

"ताई, रोग सापडना," ते म्हणाले. "हात लावा आठे."

त्यांनी माझं बोट धरून प्रोसेसरच्या बाजूच्या कॅपॅसिटरवर ठेवलं. हे म्हणजे बोटाच्या पेराएवढे छोटे उभे डबे. आत पातळ रसायन असतं. वीज साठवायची आणि प्रोसेसरला एकसारखी पोचवायची, एवढंच त्यांचं काम. चांगल्या डब्याचं डोकं सपाट असतं. आतलं रसायन बिघडलं की ते डोकं वर येतं. ओळीतले सहा फुगले होते. त्यांतल्या दोन डब्यांच्या डोक्यावर तपकिरी खपली धरली होती.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"मी दिवसभर टिंब चाचपतो. जठे टिंब नको तठे टिंब शे."

मी येताना मेमरीचा दोष असणार असं ठरवून आले होते. जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा तेच निघतं. माझा अर्धा तास तरी या माणसाने वाचवला.

काम तसं सरळ होतं. बोर्ड बाहेर काढायचा, मागून तापवून जुना डबा ओढायचा, छिद्रं मोकळी करायची, नवा बसवायचा. पण मदरबोर्डच्या आत तांब्याचे मोठे पत्रे असतात, ते सगळी उष्णता पिऊन टाकतात. नीट तापण्याआधीच डबा ओढला की छिद्राच्या आतलं अस्तर उखडतं आणि बोर्ड कायमचा जातो. घाई करायची नसते. मी मात्र दर डब्यामागे घड्याळ बघत होते.

कॅपॅसिटरला दिशा असते. डब्यावर ज्या बाजूला पट्टा, ती उणे बाजू. बोर्डवरही गोल छापलेला असतो, त्याचा अर्धा भाग पांढरा. बहुतेक बोर्डांवर पांढरा भाग म्हणजे उणे. काही कंपन्या नेमकं उलटं छापतात. म्हणून मी डबा काढण्याआधी बोर्डवर उणे बाजूला मार्करने ठिपका देते. सहाही डब्यांना दिला.

सहा बदलून झाले तेव्हा साडेबारा वाजले होते. ओळीच्या टोकाला सातवा होता, तो फुगलेला नव्हता. पण त्याच वयाचा, त्याच कंपनीचा. आज ना उद्या तोही जाणार. मी तो तापवायला घेतला आणि काकूंचा फोन आला.

"अगं, ती जेवायला बसेना. म्हणते, घरची माणसं येऊ देत."

"तिला म्हणावं, सगळे जेवून गेले."

"म्हटलं. तर म्हणते, मला सोडून कसे जेवले?"

फोन खांद्याशी धरून मी आईशी बोलले. ती मला अहो-जाहो करत होती. बोलता बोलता माझ्या हातांनी जुना डबा ओढला, छिद्रं साफ केली, नवा बसवला. पंचवीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालतात.

कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. भाऊंनी गणिताचा पेपर लावला. यंत्र खडखडायला लागलं, एक पान सरळ बाहेर आलं, दुसरं आलं. भाऊंनी पानावरून बोटं फिरवली आणि मान हलवली. हवा लागावी म्हणून झाकण उघडंच ठेवा, असं सांगून मी रिक्षा पकडली. दोनची जळगाव गाडी मिळाली.

फागणे मागे पडलं तेव्हा मनात पहिल्यांदा आलं, सातव्याला ठिपका दिला होता का?

दिला असणारच, असं मी स्वतःला सांगितलं. मग आठवायला बसले. पहिला आठवला, चौथाही आठवला, चौथ्याच्या वेळी मार्कर खाली पडला होता. सातव्याच्या वेळी फक्त आईचा आवाज आठवत होता. मोबाईलवर काम सुरू करण्याआधीचा फोटो होता. मी तो मोठा करून पाहिला. सातव्यावरून नेमका वायरींचा जुडगा गेलेला. म्हणजे मी तो सवयीने बसवला होता, पट्टा पांढऱ्या भागाकडे. आणि या बोर्डवर पांढरा भाग म्हणजे उणे की अधिक, हे मला आठवेना. ठिपक्यांवर विसंबून मी त्या छापाकडे लक्षच दिलं नव्हतं.

उलटा बसलेला कॅपॅसिटर तापतो, फुगतो, कधी फुटतो. प्रोसेसरच्या बाजूला विजेचा दाब कमी असतो, म्हणून तो लगेच जात नाही. तासभर काढतो, दोन तासही काढतो. आणि झाकण उघडं ठेवा, असं मीच सांगून आले होते.

मुकटी गेलं. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "तब्येत बरी नाही का?" मी किती वेळा खिडकी उघडली आणि लावली होती कोण जाणे. मी भाऊंना फोन लावला.

"छपाई कशी चाललीय?"

"मस्त. गणित व्हई गयं. आते इतिहास लायेल शे."

"भाऊ, ते आधी बंद करा. एक कॅपॅसिटर कदाचित माझ्याकडून उलटा बसलाय. मशीनजवळ जाऊ नका, भिंतीवरचं बटण बंद करा. शाळेत दुसरं कोणी आहे का?"

"शनिवार शे, बठ्ठा घर गयात. फाटकवर वॉचमन शे."

वॉचमनला पट्टा दिसला असता, पण बोर्डवरचा छाप डब्यांखाली झाकलेला, नुसत्या पट्ट्याने काही कळणार नव्हतं. कोणतं छिद्र उणे, ते मीटर लावूनच समजलं असतं. मी हे सांगत होते तेवढ्यात पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"भाऊ, हात लावू नका."

पण त्यांनी लावलाच. मग शांतपणे म्हणाले, "सहा थंडा शेतस. कडेना गरम शे. च्याना कप सारखा."

"बटण बंद करा."

खट्ट झालेलं मला ऐकू आलं. यंत्राची खडखड थांबली.

"कया बंद," ते म्हणाले. "आते? पेपर सोमवारले शे."

चार विषयांपैकी एकच छापून झाला होता. गणिताचा पेपर लहान होता, उरलेल्या तिन्हींना शनिवारची संध्याकाळ आणि सगळा रविवार लागणार होता. मी म्हणाले, "येते," आणि पारोळ्याला उतरले.

पारोळ्याच्या स्टँडवर उभी राहिले तेव्हा तीन वाजायला आले होते. धुळ्याची गाडी फलाटाला लागत होती. परत जाऊन, काम करून जळगाव गाठायला आठ वाजणार. काकू पाचला जाणार. मी ओळखीची नावं एकेक करून मनात घेतली. एक लग्नाला गेलेली, एकीच्या घरी आजारपण. भावाचा नंबर मी मुद्दाम मागे ठेवत होते. कंडक्टरने घंटी मारली तशी मी पायरीवर चढले आणि उभ्यानेच त्याला फोन लावला.

"अक्का?" तो म्हणाला. लगेच, "आईला काय झालं?"

"काही नाही. मी पारोळ्यात आहे, मला परत धुळ्याला जावं लागतंय. पाचनंतर तिच्याजवळ कोणी नाही."

मागे कसलातरी भोंगा वाजत होता.

"तुला ड्युटी असेल तर राहू दे," मी म्हणाले.

"असं कर," तो म्हणाला, "काकूंना सांग, मी पावणेपाचला पोचतो. किल्ली अजून तिथेच ठेवतेस ना?"

"तिथेच."

त्याने फोन ठेवला. दिवाळीपासूनचं काहीच निघालं नाही, त्यानेही काढलं नाही, मीही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मी धुळ्यापर्यंत पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिले. आई त्याला ओळखणार नाही, दार उघडणार नाही, घाबरून ओरडेल, हे सगळं मी बसमध्ये बसल्या बसल्या पाहून घेतलं.

शाळेत भाऊ दारातच उभे होते. मी बोर्ड काढला, मीटर लावला. सातवा उलटाच होता. या बोर्डवर पांढरा भाग अधिकचा होता. डबा फुगला नव्हता, पण डोकं जरासं ताणल्यासारखं झालं होतं. तो वापरण्यात अर्थ नव्हता. माझ्याकडे तसा आणखी एकच होता. मी मार्कर काढला, ठिपका दिला, ठिपक्यावर बोट ठेवून मोठ्याने म्हणाले, "उणे इकडे."

"कोणले सांगतस?" भाऊंनी विचारलं.

"मलाच."

नवा बसवून अर्धा तास मशीन चालू ठेवलं. या वेळी मीच सांगितलं, "लावा हात." त्यांनी सातही डब्यांवर सावकाश बोट फिरवलं.

"बठ्ठा सारखा," ते म्हणाले.

"चूक माझी होती, भाऊ. बाईंनाही मी सांगेन."

त्यांनी इतिहासाचे कागद यंत्रात सरळ करून लावले. "एक सालले मी भूगोलनं पान उलटं लावं व्हतं," ते म्हणाले. "पोरं तीन तास बशीसन उलटा नकाशा वाचेत. एकबी बोलना नही. त्यासले वाटनं, पेपरच अवघड शे." ते हसले नाहीत, तसंच सांगितलं. त्या प्रकाराबद्दल त्यांना अजूनही वाईट वाटत असावं.

मी घरी पोचले तेव्हा सव्वाआठ झाले होते. दार उघडंच होतं. माझा भाऊ स्वयंपाकघरात खिचडीचं पातेलं घासत होता. आई पलंगावर बसून त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"जेवली?"

"दोनदा वाढली. मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारते," तो म्हणाला. "यावलची केळी कापली का, विचारत होती. मी म्हणालो, कापली. मग जेवली."

मी पर्स खुंटीला लावली. त्याने पातेलं पालथं घातलं आणि हात पुसत म्हणाला, "अक्का, आठ दिवस नेतो. मग परत आणून सोडतो. तू नाही म्हणालीस तर नाही."

नाही म्हणायची सगळी कारणं माझ्याकडे तयार होती. मी म्हणाले, "गोळ्या जेवणाआधीच्या वेगळ्या आहेत आणि नंतरच्या वेगळ्या."

"लिहून दे."

रविवारी दुपारी ती त्याच्याबरोबर गेली. गाडीत बसताना तिने मला नमस्कार केला, पाहुण्यांना करावा तसा. संध्याकाळी धुळ्याहून फोन आला, पेपर पूर्ण झाले, शेवटचं पान आत्ता निघालं. मी बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी जेवून काम करत जा." मी त्या दिवशी जेवले नव्हते, हे त्यांना भाऊंनी सांगितलं असणार.

आठवड्याभरात मी पाच-सहा वेळा दुकान अर्ध्यावर बंद करून घरी गेले. घरी काही काम नसायचं. कुलूप उघडायचं, आत उभं राहायचं, परत यायचं. चौथ्या दिवशी भावाचा फोन आला. आई रोज सकाळी कॉलनीत फिरायला जाते, तो मागे मागे असतो. प्रत्येक फाटकाशी थांबून हे कोणाचं घर, असं विचारते आणि सांगितलं की पुढे जाते.

"पायात काय घालते?" मी विचारलं.

"चपला."

"त्या घसरतात तिच्या. बूट घे. मागून पट्टा असलेले."

"कितीचं माप?" त्याने विचारलं. मला आठवेना. मी कपाट उघडलं आणि तिच्या जुन्या चपलांचा तळ बघायला खाली बसले.