काचवाल्याची कबुली

काचवाला त्या सभेला दारू सोडायला गेलाच नव्हता, गेला होता खिडकीची काच बसवायला. तो शिडीवर चढून पट्ट्या ठोकत होता आणि खाली गोल मांडलेल्या खुर्च्यांवर दहा-बारा दारुडे बसून आपली लक्तरं आपल्याच हाताने वेशीवर टांगत होते. कुणी बायकोचे दात पाडले होते, कुणी आईचं औषध विकून बाटली आणली होती. ह्याला आधी हसू आलं, मग हातोडी थांबली. काम संपलं तरी गडी शिडीवरच! शेवटी त्यांच्यातले सगळ्यात जुने, निवृत्त मास्तर, वर न बघताच म्हणाले, "अहो, काच केव्हाच बसली. आता तुम्ही बसा."

बसला बिचारा. न बसून करतो काय? बायकोने घराबाहेर काढलेलं होतं आणि तो दुकानामागच्या खोलीत काचांशेजारी झोपत होता. "सहा महिने थेंब घेऊ नका, मग परत या," एवढंच ती म्हणाली होती. त्याला घरी जायचं होतं. घरी त्याची मुलगी होती.

मुलगी एकोणीस वर्षांची. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. ती चार वर्षांची असताना हातावर काच पडली आणि शिरा तुटल्या. आई फोनवर बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं, असं घरात सगळ्यांना माहीत. "तुझ्या गप्पांपायी माझी बोटं गेली," हे पोरीने आईला किती वेळा ऐकवलं असेल, त्याला गणती नाही. बाबा मात्र लाडका. तो पिऊन दारात आडवा पडला तरी त्याचे बूट तीच काढायची.

आता खरं सांगतो. काच ह्यानेच पाडली होती, भरदुपारी, झिंगलेल्या हातांनी. दवाखान्यात डॉक्टरांनी "कसं झालं?" विचारलं तेव्हा ह्याची पाचावर धारण बसली, तोंडाचा वास तर दारापर्यंत जात होता. बायको पुढे झाली आणि म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं." तिने ते अंगावर घेतलं ते घेतलंच, पंधरा वर्षं. आणि हा बहाद्दर पंधरा वर्षं लाड करून घेत बसला.

पण सभेला तो नेमाने गेला, हे नाकारून कसं चालेल? घाम, थरथर, उलट्या, सगळं सोसून साडेपाच महिने कोरडा राहिला. त्या सभेची एक रीत होती. ज्यांचं वाईट केलं त्यांची यादी करायची आणि एकेकाकडे जाऊन माफी मागायची. मास्तरांनी बजावलं होतं, "यादी आधी मला दाखवा. काही माफ्या मागून आपल्याला बरं वाटतं आणि समोरच्याचं वाटोळं होतं. घरचं काही असेल तर आधी बायकोला विचारा."

ह्याने मान डोलावली. पण जन्म गेला काच कापण्यात. हिरकणीने रेघ एकदाच ओढायची, मध्ये थांबायचं नाही. थांबलात की काच भलतीकडे फुटते. आयुष्यात एवढं एकच धड येत होतं, तेच नेमकं नको तिथे वापरलं मूर्खाने.

रविवारी सकाळी बायकोने पहिल्यांदाच चहाला बोलावलं. ती गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली आणि ह्याने पोरीला समोर बसवून एका दमात सगळं सांगून टाकलं. रडलाही. पोरगी रडली नाही.

आई कपड्यांचा ढीग घेऊन आत आली.

"आई, माझी बोटं बाबाने घालवली?"

आईने नवऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पोरीला उत्तर मिळालं.

"पंधरा वर्षं मी तुला बोलत होते आणि तू ऐकून घेत होतीस?"

"लहान होतीस तू. घरात निदान एकाचा तरी तुला लळा हवा ना."

"आणि तो कुणाचा, हे तू ठरवलंस?"

पोरीने बॅग भरली. मैत्रिणीकडे जाते म्हणाली, परत कधी येणार ते सांगितलं नाही. दारात वळून बापाला म्हणाली, "तू पीत होतास तेच बरं होतं. तेव्हा मला बाप तरी होता."

ती गेल्यावर बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली. त्यात पोरीचे कपडेही होते.

"मला विचारलं का नाहीत?"

"मनावर ओझं होतं गं."

"ओझं मी उचललं होतं. तुम्हाला कुठे जड झालं?"

त्यावर ह्या माणसाने काय विचारावं? "अठरा दिवसांनी सहा महिने होतात. येऊ ना?"

"या की," ती म्हणाली. "हवं तर पीत या. आता मला कुणापासून काही लपवायचं राहिलं नाही."

संध्याकाळी सभेत त्याने उभं राहून सगळं सांगितलं. त्याच्या हिमतीचं कौतुक झालं, टाळ्या पडल्या, शेजारच्याने पाठ थोपटली. डोळे पुसत तो म्हणाला, "पंधरा वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटतंय."

मास्तरांनी टाळी वाजवली नव्हती. त्यांनी विचारलं, "आणि त्या दोघींना कसं वाटतंय?"

हे विचारायचं काचवाल्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.